यमुनेपल्याडची सवाष्ण

"याच्या गाडीत बसलं की मला उदबत्तीच्या पुड्यात कोंबल्यासारखं होतं," दत्तात्रय भालेराव बायकोच्या कानाशी पुटपुटले. "आणि जागा दाखवायला हा नेहमी रविवारी सकाळी सातलाच का नेतो? रस्ते मोकळे असतात म्हणून! सोमवारी साडेआठला ने म्हणावं. मग बघू कसा वीस मिनिटांत पोचतो ते."

"अंकलजी कुछ कह रहे हैं?" मारुती व्हॅन चालवता चालवता दलाल चावलानं मान मागे वळवली.

"कह रहे हैं, गाड़ी बहुत अच्छी रखी है आपने," वीणा म्हणाली.

चावला खूश झाला. डॅशबोर्डवरची उदबत्ती त्यानं आणखी जरा सरळ खोचली.

दिल्लीत एकतीस वर्षं राहून वीणाला मराठीचा हा एक मोठा फायदा झाला होता. कुणाच्याही तोंडावर कुणाविषयीही काहीही बोलता यायचं. बाकी मराठी बोलायला घरात माणसं दोन. नवरा दिवसभर ऑफिसात, आणि मुलगी अवनी, जिला 'उंबरा' म्हटलं की ते काय असतं हे दाखवावं लागायचं.

नोव्हेंबरअखेर दत्तात्रय मंत्रालयातून रिटायर होणार होते. त्यानंतर चार महिन्यांत सरोजिनी नगरचं क्वार्टर रिकामं करायचं. सरकारी क्वार्टरात आयुष्य काढलेल्या माणसाला घर 'निवडायचं' असतं ही कल्पनाच नसते. पगाराच्या श्रेणीप्रमाणे नंबर लागतो, चिठ्ठी येते, किल्ली मिळते. शेजारी कोण आहे हे सामान उतरवताना कळतं, आणि आपण कोण आहोत हे शेजाऱ्याला दारावरच्या पाटीवरून. नाव आणि हुद्दा, बस. आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी भालेराव सगळ्या राजधानीच्या कडेकडेनं घर शोधत हिंडत होते. होळीपासून ही बारावी जागा.

गुडगावला मोहरीच्या शेतात एक भलामोठा बोर्ड होता. त्यावर गोऱ्या बाईचं चित्र. स्विमिंग पूल जिथे होणार होता तिथे डबकं होतं आणि एक म्हैस आधीच सभासद झाली होती. द्वारकेला सोसायट्यांचे सांगाडे आणि वाळू. वैशालीला वीज नव्हती, पण इन्व्हर्टरची दुकानं अकरा होती. दत्तात्रयांनी ती मोजली होती. ते प्रत्येक ठिकाणी वही काढायचे आणि दोष लिहायचे. 'उत्तरेस नाला.' 'दूधकेंद्र दोन कि.मी.' 'विमानाचा आवाज, दर सात मिनिटांनी.' मंत्रालयातल्या फायलीवर शेरा मारावा तसं.

शिवाय पाणी. प्रत्येक जागेच्या नळाचं पाणी ते बाटलीत भरून आणायचे आणि वीणानं त्यात तुरीची डाळ शिजत घालायची. कुकर नाही, उघड्या पातेल्यात. पाणी जड असेल तर डाळ शिजत नाही, दाणा दाण्यापासून फटकून राहतो. हा शोध दत्तात्रयांच्या आईचा. आता या वयात वीणाची सगळी रविवार संध्याकाळ डाळीपुढे उभं राहण्यात जायची. फरिदाबादची डाळ दीड तास ढवळली तरी गोट्यांसारखी. फरिदाबाद नापास.

आजच्या नोएडातल्या बाराव्या जागेला तर नळच नव्हता.

"पानी आ जाएगा, अंकलजी," चावला म्हणाला. "मेट्रो भी आ जाएगी."

"कधी? माझ्या तेराव्याला?" दत्तात्रय मराठीत म्हणाले.

"अंकलजी सोच रहे हैं," वीणानं सांगितलं, आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

कारण घर तर तिला केव्हाच मिळालं होतं.

ते असं झालं. जूनमध्ये कोपर्निकस मार्गावर, राज्याच्या अतिथिगृहात, मराठी मंडळींचा एक कार्यक्रम होता. भाषण संपल्यावर बटाटेवड्यांच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका गोऱ्या, ठेंगण्या बाई मागे वळल्या आणि म्हणाल्या, "वडा गार आहे, पण चटणीनं लाज राखलीय हं." एवढंच. पण एकतीस वर्षांत परक्या माणसानं तिच्याशी चटणीबद्दल मराठीत तक्रार केली नव्हती. शेजारच्या मिसेस भाटिया जिवाला जीव देणाऱ्या, पण त्यांना 'आमटी बिघडली' हे दुःख समजावून सांगायचं म्हणजे आधी आमटी सांगावी लागे.

बाईंचं नाव गिरिजा पुराणिक. नवरा अशोक पुराणिक, विमा कंपनीतून निवृत्त, यमुनेपल्याडच्या 'प्रवरा सहनिवास' या सोसायटीचा सेक्रेटरी. चाळीस बिऱ्हाडं, सगळी मराठी. आणि पुराणिकांच्याच शेजारचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट सुटणार होता. मालक मुलाकडे ठाण्याला निघाले होते.

"अय्या, मग तुम्हीच या की!" गिरिजाताई म्हणाल्या. "भालेराव ना? मूळचे कुठले?"

"नाशिककडचे," वीणा म्हणाली.

"मग काय, आमच्यातलेच!" आणि गिरिजाताईंनी तिचा हात हातात घेतला. "बोलण्यावरून कळतंच म्हणा."

हा प्रश्न वीणाला ठाऊक होता. दिल्लीच्या लोकांनी तो कधी विचारला नाही. त्यांना भालेराव म्हणजे काय ते कळायचंच नाही. भाटिया साहेब पानिपतहून चादरी आणायला बरोबर न्यायचे तेव्हा हमखास म्हणायचे, "आपके पुरखे यहीं लड़े थे, भालेराव जी!" आणि दत्तात्रय गंभीरपणे म्हणायचे, "जी, रहे होंगे किसी तरफ़." झालं. दिल्लीपुरती चौकशी संपली. पण मराठी माणसाचा 'मूळचे कुठले' तिथे थांबत नाही. तो गावावरून तालुक्यावर, तालुक्यावरून कुलदैवतावर जातो आणि पाहिजे त्या ठिकाणी पोचल्याशिवाय परत फिरत नाही. या वेळी मात्र तो निम्म्या वाटेवरच पोचल्यासारखा बसला, आणि वीणानं त्याला पुढचा रस्ता दाखवला नाही.

दत्तात्रय शेजारी बशी घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं. मग ते चटणी आणायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

पुण्यात शाळेत असताना वीणाची एक मैत्रीण होती. तिच्या घरी वीणासाठी पाण्याचा पेला खिडकीत निराळा असायचा. त्या घरातली आजी फार प्रेमळ, पेला स्वतः भरून द्यायची. तशाच गोऱ्या, ठेंगण्या बाईनं आज हात धरून 'आमच्यातलेच' म्हटलं, आणि वीणाला ते गोड लागलं. तिला स्वतःचाच राग आला, पण गोड लागलं हे खोटं नव्हतं. तिथेच सगळी पंचाईत होती.

जुलैत ते प्रवरा बघून आले. लख्ख जिना, पूर्वेची गॅलरी, खाली एक मोगऱ्याचा ताटवा, आणि समोरच्या गॅलरीत दोन बायका कुरडया वाळल्या की नाही यावर वाद घालत होत्या. मराठीत! वीणा गॅलरीच्या कठड्याला धरून ते नुसतं ऐकत राहिली. दत्तात्रयांनी वही काढली. लिफ्ट अरुंद. मोर ओरडतात. जिन्याच्या दिव्याला बटण उजवीकडे हवं ते डावीकडे.

"मोर ओरडतात हा दोष?" वीणा स्कूटरवरून घरी येताना म्हणाली.

"सकाळी फार लवकर ओरडतात."

"तुम्ही सकाळी पाचला उठून रेडिओ लावता, तो काय गातो?"

त्या संध्याकाळी तिनं प्रवराच्या पाण्यात डाळ लावली. वीस मिनिटांत डाळ अशी शिजली की पळी फिरवताच मेण झाली. वीणानं पातेलंच बाहेरच्या खोलीत आणून नवऱ्याच्या नाकासमोर धरलं.

"बघा."

दत्तात्रयांनी चमच्याच्या टोकावर डाळ घेतली. तोंडात घातली. छताकडे पाहिलं.

"खारट आहे पाणी."

"खारट?" वीणाचा आवाज चढला. "खारट असतं तर शिजली असती? तुमच्याच आईची परीक्षा आहे ही! चार महिने मी डाळ ढवळतेय. आठ गावांचं पाणी उकळून झालं. आता एक डाळ शिजली तर तुम्ही म्हणता खारट! तुम्हाला घर नकोच आहे का? मार्चमध्ये काय सरोजिनी नगरच्या बाजारात फुटपाथवर बसायचंय, टी-शर्टच्या ढिगाशेजारी?"

"मी फक्त पाण्याबद्दल बोललो."

"हो ना. फक्त पाण्याबद्दलच बोला."

पुढचं वाक्य दोघांच्याही तोंडाशी होतं. दत्तात्रयांनी चमचा पातेल्यात ठेवला आणि बातम्या लावल्या. वीणा पातेलं घेऊन आत गेली. त्या डाळीची तिनं इतकी सुंदर आमटी केली की तिचं तिलाच रडू आलं.

आणि त्यानंतर दर रविवारी पुन्हा चावला, पुन्हा उदबत्ती.

श्रावण लागला तसा एका संध्याकाळी गिरिजाताईंचा फोन आला.

"वीणाताई, या शुक्रवारी तुम्ही माझ्याकडे सवाष्ण म्हणून जेवायला यायचं. नाही म्हणायचं नाही. अहो, काय सांगू, दिल्लीत आपल्यातली सवाष्ण मिळत नाही. सोसायटीतल्या सगळ्याजणींच्या घरी त्याच दिवशी आपापली गडबड, म्हणून गेल्या वर्षी नाइलाजानं रस्त्यापलीकडच्या अरोराबाईंना बोलावलं, तर त्या चपला घालून पाटावर बसल्या आणि पुरणपोळीबरोबर लोणचं मागितलं. देवीनं डोळे मिटून घेतले असतील! यंदा तुम्ही आहात, माझी काळजी मिटली."

"अहो, पण..."

"आणि फॉर्मपण आणा. रविवारी कमिटी आहे, हे म्हणतात लगेच मंजूर करून टाकू. बरं, आमंत्रण असं फोनवर द्यायचं नसतं हं. उद्या दुपारी मी येते तुमच्याकडे, कुंकू लावून बोलावते. तुमचं घरही बघीन."

फोन बाहेरच्या खोलीत होता. फोनच्या बरोबर समोर, भिंतीवर, बाबासाहेबांची तसबीर होती. एकतीस वर्षांत चार क्वार्टरं बदलली, प्रत्येक ठिकाणी सामान उतरवल्यावर दत्तात्रय पहिला खिळा तिच्यासाठी ठोकायचे. खाली छोट्या स्टुलावर बुद्धाची मूर्ती. वीणाची नजर तसबिरीवर गेली, तिथून आतल्या खोलीच्या दाराकडे गेली, आतल्या खोलीतल्या कपाटामागे किती जागा आहे याचा तिनं अंदाज घेतला, आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन तिचे कान तापले.

"उद्या नका येऊ," ती घाईनं म्हणाली. "उद्या आमच्याकडे व्हाइटवॉश आहे."

फोन ठेवून ती वळली तर अवनी दारात उभी. ओखल्याच्या कंप्युटर कंपनीतून नुकतीच आलेली, खांद्यावर पर्स तशीच.

"व्हाइटवॉश? आई, तुम्ही लोक चार साल से अर्ज देताय. उद्या अचानक येतायत?"

"तू हातपाय धू."

"आणि शुक्रवारी कुठे जायचंय?"

"पुराणिकांकडे. सवाष्ण म्हणून जेवायला."

"सवाष्ण म्हणजे?"

"म्हणजे... जिचा नवरा आहे अशी बाई. श्रावणात शुक्रवारी तिला बोलावतात. देवीच्या ठिकाणी मानतात. पाय धुतात, ओटी भरतात, जेवू घालतात."

"अच्छा." अवनीनं पर्स ठेवली. "पण आपण तर हे करत नाही ना?"

"नाही."

"बाबांनी तर शपथ घेतलेली आहे ना, ते बावीस..."

"मला माहीत आहे किती ते."

"मग?"

"मग काय? कुणी प्रेमानं जेवायला बोलावलंय, जाऊन जेवून यायचं. तुला प्रत्येक गोष्टीत मग!"

"यार आई, मी सिर्फ विचारलं."

खुर्चीत पेपरमागे दत्तात्रय होते. वीणाला वाटलं, आता तरी बोलतील. रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं, तिलाही चार गोष्टी ऐकवता आल्या असत्या. की तुम्हाला ऑफिसात माणसं आहेत, संघटना आहे, चौदा एप्रिलला भाषणं आहेत. मला चार भिंती आणि मिसेस भाटिया. उद्या तुम्ही आधी गेलात तर मी कुणाशी काय बोलू, पानी आ जाएगा?

पेपरचं पान उलटलं.

"शुक्रवारी मी हाफ डे टाकतो," दत्तात्रय म्हणाले. "बसनं कशाला जातेस. सोडतो तुला."

शुक्रवारी यमुनेच्या पुलावर स्कूटर दोनदा बंद पडली. दत्तात्रयांनी दोन्ही वेळा प्लग काढून पुसला. फॉर्म त्यांच्या खिशात होता, सही केलेला. सही कधी केली, ते वीणाला त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या फॉर्मवर वहीतला एकही दोष नव्हता, आणि ते पाहून वीणाची चिडचिड आणखीच वाढली. भांडून घर मिळवलं असतं तर ते तिचं झालं असतं. हे असं मुकाट्यानं हातात ठेवलेलं तिला नको होतं.

प्रवराच्या जिन्यात पुरणाचा वास भरला होता. अशोक पुराणिकांनी दत्तात्रयांना बाहेरच्या खोलीत बसवलं, फॉर्म चष्म्यावरून वाचला, "उत्तम, उत्तम" म्हणाले आणि त्यांच्या हातात पेपर दिला. गिरिजाताई वीणाला आत घेऊन गेल्या. मधे नुसता पडदा.

आत सगळं कसं नेटकं. भिंतीवर जिवतीचा कागद, त्याला आघाड्याची माळ. पाट, पाटाभोवती रांगोळी, चांदीच्या वाटीत दूध, शेजारी फुटाणे. गिरिजाताई सकाळपासून उपाशी होत्या हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"बसा हो. अगदी मोकळेपणानं बसा. आता काय, भिंतीला भिंत लागणार आपली. तुमच्या गॅलरीतून माझ्या गॅलरीत वाटी देता येते, मी हात लांब करून बघितलंय."

वीणाला हसू आलं. खरोखर हात लांब करून बघितला असणार या बाईनं.

"कमिटीचं काही नाही ना?" तिनं विचारलं.

"छे! उगाच का मी शब्द दिला? कमिटी म्हणजे हेच. तशी मागं एकदा कटकट झाली होती. एक सोनवणे म्हणून होते, बँकेत चांगले मोठे अधिकारी. आत्ताचे मालक यायच्या आधी त्यांना हाच फ्लॅट हवा होता. बायकोही चांगली होती हो, बोलायला गोड. पण मग यांनी जागा नाही म्हणून सांगितलं." गिरिजाताईंनी कुंकवाची कुयरी उघडली. "आपल्याकडे कसं, एक वातावरण असतं ना. ते सांभाळावं लागतं. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही आपल्यातल्याच."

त्यांनी वीणाला हळद लावली. कुंकू लावलं. मग तांब्या घेतला, परात पुढे सरकवली आणि एका हातानं कमरेला आधार देत, "आई गं" म्हणत, खाली बसल्या. त्यांचे गुडघे कडकन वाजले.

"पाय पुढे घ्या वीणाताई. पाणी कोमट केलंय."

कोमट पाणी उजव्या पायावर पडलं. गिरिजाताईंचा हात तिच्या घोट्यावर आला. गोरा, मऊ, पुरणाच्या वेलचीचा वास असलेला हात. तो हात टाचेवरून फिरला आणि गिरिजाताईंनी नमस्कारासाठी डोकं वाकवायला सुरुवात केली. वीणाला त्यांच्या केसांतला पांढरा भांग दिसला, आणि पडद्याखालून नवऱ्याचे बूट दिसले. बूट काढायचे राहिले होते त्यांचे. बूट जराही हलत नव्हते.

वीणानं पाय मागे ओढला. परातीतलं पाणी रांगोळीवर सांडलं.

"अगंबाई! गरम लागलं का?"

"नाही. थांबा, वाकू नका."

"अहो, असं काय? मान असतो तो."

"गिरिजाताई, त्या दिवशी वड्यांच्या रांगेत तुम्ही विचारलंत, तेव्हा मी अर्धंच उत्तर दिलं. नाशिककडचे हे खरं. तुमच्यातले नाही. आम्ही महार. छप्पन्न सालापासून बौद्ध. सवाष्ण, जिवती, ओटी, आमच्याकडे यातलं काही नसतं. यांना ते सोडून चाळीस वर्षं झाली. आणि मला तुमची गॅलरी आवडली म्हणून मी इथे येऊन पाटावर बसले."

गिरिजाताईंच्या हातात तांब्या तसाच तिरका राहिला होता. पडद्यापलीकडे पेपरची घडी घातल्याचा आवाज झाला.

"तांब्या खाली ठेवा, पाणी सांडतंय," वीणा म्हणाली. "आणि मला एवढंच सांगा. त्या सोनवण्यांना जागा नाही म्हणालात, ते ह्याच्यासाठीच ना?"